डीमन लॉर्ड किती ताकदीचा असावा? आमचा ऑर्कस तीन राउंडात आडवा होणार असं दिसतंय

मार्कंडेय_काठ (बेळगाव)

नमस्कार मंडळी. टिळकवाडीत आमचा ग्रुप रविवारी दुपारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) खेळतो. पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. पॅलाडिन (देवाचा योद्धा), रोग (चोरटा, आजार नव्हे), विझार्ड (जादूगार), क्लेरिक (पुजारी) आणि रेंजर (रानातला शिकारी) असे पाच गडी, सगळे आता १५ व्या लेव्हलला आलेत. दिवाळीच्या सुमारास कॅम्पेन संपवायची आहे. शेवटाला ऑर्कस, म्हणजे मढ्यांचा मालक असलेला डीमन लॉर्ड (राक्षसांचा राजा), हे पहिल्यापासून ठरलेलं. त्याची भीती पेरत आलोय: ओस पडलेली गावं, मसणवटीतून उठून चालत गेलेली मढी, त्याचं नाव घेतलं की देवळातल्या समया विझतात, असलं सगळं.

आता त्याचं पान उघडून बसलो तर काय, सीआर (राक्षस किती भारी त्याचा आकडा) २६, हिट पॉइंट (संपले की मेला) ४०५, एसी (वार लागायला फाशाला गाठावा लागणारा आकडा) १७, हातात वाँड (त्याची जादूची काठी) असली तर २०. आमचा पॅलाडिन चांगला फासा पडला तर स्माइट (वारात भरलेली दैवी ताकद) लावून एका राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी) ६०-७० काढतो. रोग ४० च्या आसपास, रेंजर थोडा कमी, वर विझार्ड. म्हणजे तीन राउंड, फार तर चार. एवढा बागुलबुवा उभा करून चहा येईपर्यंत मामला खलास.

आमच्यातलाच एकजण म्हणतो, डीमन लॉर्डला आकडेच देऊ नकोस, तो मरतच नाही म्हणून सांग. दुसरा म्हणतो, मग लढायला बोलावलंस कशाला? दोघांचंही पटतंय, म्हणून इथं विचारालोय.

संकेश्वर_नाका

८०० कर की. खेळाडूंना कुठं पान दिसतंय?

खडेबाजारचा_काका

हिट पॉइंट वाढवायच्या आधी थोडा इतिहास बघा पोरांनो, म्हणजे हा घोळ नवा नाही हे कळेल.

ऑर्कस आणि डेमोगॉर्गन (हाही डीमन लॉर्डच) १९७६ च्या पुरवणीत पहिल्यांदा आले. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये ऑर्कसला १२० हिट पॉइंट आणि डेमोगॉर्गनला २००. हसू नका. त्याच पुस्तकातला सगळ्यात म्हातारा, सगळ्यात थोराड लाल ड्रॅगन जास्तीत जास्त ८८ चा. तेव्हा १२० म्हणजे डोंगर होता. शिवाय ऑर्कसची कवटीची वाँड नुसती अंगाला लागली की माणूस संपला, सूट फक्त त्याच्या बरोबरीच्यांना. त्यामुळं लढाई किती राउंड चालते हा प्रश्नच नव्हता. त्याच्या हाताच्या टप्प्यात कोण जाणार, हा होता.

आणि लोल्थ, कोळ्यांची राणी? १९८० च्या मोहिमेत तिला ६६ हिट पॉइंट. ड्रॅगनहूनही कमी! पण तिच्यापर्यंत पोचायला आधीच्या मोहिमांतली भुयारं, मग तिच्या जाळ्याचे मजले पार करायचे, आणि तिथं कित्येक मंत्र नीट चालत नाहीत. पार्टी (खेळाडूंची टोळी) तिच्यासमोर येते तेव्हा निम्मी रिकामी झालेली असते. ताकद बाईच्या अंगात नव्हती, वाटेत होती.

त्याच १९८० साली देवदेवतांचं पुस्तक आलं, त्यात झ्यूसला ४०० हिट पॉइंट. आपले इंद्र, काली वगैरे मंडळीही आकडे लावून छापलेली. एकदा आकडा छापला की कुणीतरी तो शून्यावर आणणारच. तेव्हापासून हे भांडण चालू आहे.

जुनी_चौथी (हुक्केरी)

काकांनी चौथी आवृत्ती गाळली. सगळे गाळतात, सवय झाली आता.

२००८ च्या मॉन्स्टर मॅन्युअलच्या मुखपृष्ठावरच ऑर्कस आहे. लेव्हल ३३, हिट पॉइंट १५२५. खेळाडूंची शेवटची लेव्हल ३०. म्हणजे पुस्तकच सांगतं, तुम्ही कितीही चढलात तरी हा तुमच्यापेक्षा तीन पायऱ्या वर. कल्पना मला आजही आवडते. पण १५२५ हिट पॉइंट खोडायचे म्हणजे काय असतं ते खोडणाऱ्यालाच विचारा. पहिला तास मजा, दुसऱ्या तासाला भारी हत्यारं संपतात, त्यानंतर सगळे आळीपाळीनं तेच तेच वार करत बसतात आणि एकजण मोबाईल बघतो. लढाई कोण जिंकणार हे कळलेलं असतं, पण संपत नाही. ही तक्रार इतकी झाली की २०१० च्या तिसऱ्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये राक्षसांचा मार वाढवून हिशेब बदलावा लागला.

म्हणून संकेश्वरवाल्यांचं ८०० ऐकू नका. ४०५ ला भीती नसेल तर ८०० ला नुसता कंटाळा येईल.

संकेश्वर_नाका

बरं ६०० कर. घासाघीस चालेल.

शहापूरची_विणकरीण

मला वाटतं सगळेजण त्याच्या अंगाचं माप घ्यालाय. मी मुलुखाचं माप घेते.

डेमोगॉर्गनचं पान काढा. त्याच्या ठाण्याभोवती ६ मैलांत साप, सरडे, विषारी जनावरं माजतात असं लिहिलंय. ६ मैल म्हणजे दहाला थोडे कमी किलोमीटर. म्हणजे तो उद्या बेळगावच्या किल्ल्यात येऊन बसला तर काकतीच्या आसपास त्याचा अंमल संपला. खानापूरच्या माणसाला पत्ता लागणार नाही आणि निपाणीवाले तंबाखूचा भाव विचारत बसतील. पाताळाच्या एका अख्ख्या थराचा मालक, आणि अंमल ग्रामपंचायतीच्या हद्दीएवढा!

माझ्या टेबलावर मी हिट पॉइंटला हात लावला नाही, हे मैल वाढवले. ऑर्कसला काय हवंय? सगळं जिवंत संपून मढ्यांचं राज्य यावं. तर तो आल्यापासून त्या मुलुखात मरणच नीट होत नाही. खाटकानं बोकड कापला तर तो मान लोंबत ठेवून उठतो. आजारी माणूस सुटत नाही. एका गावात पार्टी तेराव्याच्या जेवणाला गेली, तर जिचं तेरावं तीच म्हातारी पंगतीत येऊन बसली आणि वाढा म्हणाली. घरचे वाढतात, कारण करणार काय?

त्या पंगतीनंतर माझ्या खेळाडूंनी ऑर्कसचे हिट पॉइंट किती हे एकदाही विचारलं नाही. हा मुलूख त्याच्या हातातून सुटणार कसा, एवढंच बोलत होते.

मार्कंडेय_काठ

ताई, म्हातारीची पंगत चोरालोय. आधीच सांगून ठेवतो.

पण माझी अडचण त्यानं सुटत नाही. मुलूख कितीही भेसूर केला तरी शेवटी ते त्याच्यासमोर उभे राहणार आणि पॅलाडिन विचारणार, "लागला काय?"

मंगसुळीचा_भंडारा (अथणी)

आपल्याकडे याचं उत्तर हजार वर्षांपासून आहे आणि आपण परदेशी पुस्तकातले सीआर चाळालोय.

आपल्या असुरांच्या गोष्टी आठवा. हिरण्यकश्यपूला किती ताकद होती? आकड्यात सांगताच येत नाही, कारण त्याची ताकद अटीत होती. माणूस नको, जनावर नको. घरात नको, बाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. महिषासुराला पुरुषाच्या हातून मरण नव्हतं. रावणानं वर मागताना माणूस आणि वानर यांना मोजलंच नाही. असुर जितका मोठा तितकी त्याच्या वराची भिंत उंच, पण त्या भिंतीला एक फट असतेच, आणि ती फट बहुतेक वेळा त्याच्याच गर्वातून राहिलेली असते. रावण माणसाला विसरला नव्हता, त्याला माणूस मोजण्याच्या लायकीचा वाटला नव्हता. खलनायक लिहिणाऱ्याला यापेक्षा अधिक काय पाहिजे?

तर ऑर्कसला वर द्या. लढाईत त्याला काहीही लागो, सूर्य मावळला की तो पुन्हा पूर्ण. किंवा ज्यानं आपल्या हातानं कुणाला मूठमाती दिली आहे त्याच्याच वारानं त्याला जखम राहते. ही अट कॅम्पेनच्या मध्यावर कळू दे. मग शेवटची लढाई तीन राउंडांची झाली तरी हरकत नाही, कारण खरी लढाई ती फट शोधण्याची होती.

आणि प्रत्येक असुर मारायचाच असं कुठं आहे? बळीला मारलं नाही, सुतळात बसवलं. आमच्या खंडोबाच्या गोष्टीत दोघं भाऊ, मणी आणि मल्ल. मणी शरण आला, त्यानं देवाजवळ जागा मागितली आणि ती मिळाली. मल्लाचं मुंडकं पायरीशी. एकाच युद्धाचे दोन शेवट. तुमच्या पार्टीपुढे दोन्ही ठेवा आणि ते कसे भांडतील ते बघा.

भीमगडचं_अस्वल (खानापूर)

भंडारा, लिहिलंयस झकास, पण टेबलावर हे फसतं. मी खेळाडू म्हणून भोगलंय. डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) मनात एकच तोडगा धरला होता, सुगावा एकाच ठिकाणी ठेवलेला, आणि आम्ही त्या गावाला गेलोच नाही. मग शेवटी काय? मारतोय, लागत नाही. मारतोय, लागत नाही. डीएम गालात हसतोय. फायटर खेळणारा गडी तर एवढा वैतागला की त्यानं तलवार खाली ठेवली आणि वडापाव आणायला गेला.

गोष्टीत विष्णूला अट माहीत असते. टेबलावर ती कुणालाच माहीत नसते. म्हणून माझं म्हणणं, एक तर अट कळायच्या निदान तीन वेगवेगळ्या वाटा ठेव, कारण खेळाडू दोन हमखास चुकवतात. दुसरं, अट पाळली नाही तर वार लागायचाच बंद, असं करू नको. लागू दे. अर्धा लागू दे, किंवा लागून नंतर भरून येऊ दे. फायटरनं वीस (फाशावरचा सगळ्यात मोठा आकडा) टाकला तर त्याला वीसचं काहीतरी मिळालं पाहिजे, नाहीतर त्यानं रविवार घालवला कशाला?

शहापूरची_विणकरीण

अस्वलाला अनुमोदन. मधली वाट हवी असेल तर रक्तबीज बघा. त्याला वार लागतो, अगदी व्यवस्थित लागतो, तीच भानगड आहे. रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तिथून दुसरा उठतो.

नियमात बसवायला सोपं: एका वारात २० पेक्षा जास्त हिट पॉइंट गेले की रक्त सांडतं, आणि पुढच्या राउंडला तिथं एक कमी ताकदीची आवृत्ती उभी. आता तुमच्या पॅलाडिनचा ६० चा फटका हीच डोकेदुखी. खेळाडूंना ते कुणी सांगावं लागत नाही, दुसऱ्या राउंडला दिसतंच. मग डोकं चालवतात: पाण्यावर लढायचं का, हवेत उचलायचं का, कुणी खाली काही धरायचं का. कालीनं जीभ पसरली, तुमची क्लेरिक काय पसरते ते बघू.

ऑर्कसला रक्ताऐवजी हाडं गळू द्या. त्याच्या स्वभावाला जास्त शोभेल.

संकेश्वर_नाका

ऑर्कस बेळगावात आला तर तो कुणाच्या राज्यात धरायचा हो? इकडचे म्हणतील आमचा, तिकडचे म्हणतील आमचा. महाजन अहवाल काढा.

नियामक

सीमाप्रश्न इथं नको. त्याला वेगळा धागा आहे आणि त्याला आधीच कुलूप आहे.

पुण्यातला_बेळगावकर

उशिरा आलोय. आम्ही पाथफाइंडर या डी अँड डीतूनच निघालेल्या खेळाची पहिली आवृत्ती खेळतो. त्यात डीमन लॉर्ड २६ ते ३० सीआरचे आणि साधे खेळाडू २० लेव्हलपर्यंतच. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. ज्यांना त्यांना हात घालायचाच आहे त्यांच्यासाठी २०१३ मध्ये 'मिथिक' नियम आले, म्हणजे लेव्हलच्या वर एक दुसरी शिडी. ती चढलात तर तुम्ही माणूस उरत नाही, आणि मग लॉर्डला मारणं शोभतं.

हा विचार मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. प्रश्न त्याच्या ताकदीचा नाहीच, मारणारे कोण आहेत याचा आहे. १५ लेव्हलच्या पाच जणांनी ऑर्कसला तीन राउंडात मारलं तर तो कमी पडला असं नाही. ते अजून तिथं पोचले नव्हते आणि तरी त्यांना आत सोडलं, असं आहे.

आणि पाचव्या आवृत्तीत एक गोष्ट विसरू नका. अबिसच्या (डीमनांच्या पाताळाच्या) बाहेर डीमन मारला तर तो मरत नाही, अबिसमध्ये परत जातो. कायमचा मारायचा तर त्याच्या घरात जाऊन. म्हणजे मार्कंडेयच्या टेबलावरच्या दोन्ही गड्यांचं खरं: इथं तो मरतो आणि मरतही नाही.

जुनी_चौथी

आता जरा गणिताचं बोलूया. पाच खेळाडू म्हणजे राउंडला पाच पाळ्या, आणि तो एकटा. तीन लीजेंडरी अॅक्शन (दुसऱ्यांच्या पाळीनंतर मिळणाऱ्या जादा चाली) धरल्या तरी पारडं तुमच्याच बाजूला. मोठा राक्षस पाचव्या आवृत्तीत मरतो तो हिट पॉइंट कमी म्हणून नाही, एकटा असतो म्हणून.

ऑर्कसला एकटं आणूच नका, पुस्तकच तसं सांगतंय. त्याची वाँड दिवसातून एकदा ५०० हिट पॉइंटपर्यंतची मढी उठवते. म्हणजे ४०५ नाही, ९०५ झाले, आणि ते टेबलभर पसरलेले. पहिल्याच पाळीला वापरायची. बरेच डीएम ती राखून ठेवतात आणि तिसऱ्या राउंडला वाँडसकट मरतात.

मार्कंडेय_काठ

हे मला सुचलंच नव्हतं. ५०० ची यादी आज रात्री बसून करतो.

तर सध्याचा आराखडा असा. ऑर्कस इथं येतो तो अर्धाच, म्हणून १५ ची पार्टी त्याला भिडू शकते. आकडे पुस्तकातलेच, वाँड पहिल्या पाळीला. मुलूख ताईंच्या पद्धतीनं, ६ मैल नाही, दोन नद्यांच्या मधला सगळा पट्टा. अट भंडाऱ्याची: मूठमाती दिलेल्या हातानं केलेली जखम राहते, बाकीच्या सूर्यास्ताला भरतात. सुगावे तीन: ती म्हातारी, एक पळून आलेला पुजारी आणि...

रेंजर_ऐदु_आरु

सर, मी हा धागा पहिल्या दिवसापासून वाचतोय.

मार्कंडेय_काठ

अरे तू? तू इथं काय करालास?

संकेश्वर_नाका

😂😂😂 खलास

रेंजर_ऐदु_आरु

माझं मराठी बोलायला चुकतंय पण वाचायला चांगलं येतंय सर. घरी कन्नड, टेबलावर सगळंच. फासे मी कन्नडमध्ये मोजतो म्हणून हे नाव.

तिसरा सुगावा नका सांगू, बाकीच्या चौघांना मी काही बोलणार नाही. पण खेळाडूच्या बाजूनं एक सांगू? इथं सगळे डीएम आहेत. आम्हाला तो तीन राउंडात मेला की दहा, याचं एवढं काही वाटत नाही. मागं आम्ही तो लिच (मरूनही उरलेला जादूगार) मारला, तुम्ही नंतर वाईट वाटून घेतलं लवकर मेला म्हणून. आम्ही मात्र त्या दिवशी आरपीडी क्रॉसला उभं राहून रात्रीपर्यंत तेच बोलत होतो! कारण त्यानं माझ्या बहिणीचं नाव घेतलं होतं. त्याला माहीत होतं. तेवढं पुरे होतं.

डीमन लॉर्डनं आम्हाला ओळखलं पाहिजे. पहिल्या गावात आम्ही ज्याला वाचवलं नाही तो माणूस त्याच्या फौजेत पुढं उभा पाहिजे.

भीमगडचं_अस्वल

हा पोरगा डीएम व्हायला पाहिजे.

मंगसुळीचा_भंडारा

मूठमातीची अट आता बदलावी लागणार, हे वाचून बसलंय. पण त्या माणसाला पुढं उभा कराच. आणि मूठमाती त्यालाच द्यायची राहिली होती की काय, ते जरा तपासा.

मार्कंडेय_काठ

तपासलं. राहिली होती. पाऊस लागला म्हणून हे सगळे त्याला तसाच टाकून पुढं गेले होते, माझ्या वहीत लिहिलंय. अट बदलत नाही. रेंजरला माहीत असली तर असू दे, त्याच्या मनावर ते ओझं बरं.

रेंजर_ऐदु_आरु

ಠ_ಠ लिहायचं होतं पण इथं कन्नड चालत नसेल.

शेवटचा प्रश्न, मग मी जातो. आमच्या विझार्डकडे बॅनिशमेंट (दुसऱ्या जगातल्याला परत धाडणारा मंत्र) आहे. ऑर्कस इथला नाही, तर ती लागली की तो सरळ घरी जाणार ना? मग एवढं सगळं कशाला?

मार्कंडेय_काठ

हे मलाही खातंय. पहिल्याच पाळीला लागली तर?

जुनी_चौथी

पहिल्या पाळीला लागणार नाही. सेव्ह (मंत्र चुकवायचा फासा) चुकली तरी त्याच्याकडे दिवसाला तीन लीजेंडरी रेझिस्टन्स (चुकलेली सेव्ह जमली धरायची सूट) आहेत. विझार्डला त्या खर्च करायला लावू दे, त्याचेही स्लॉट (मंत्र टाकायची शिल्लक) जातातच. चौथ्यांदा खरोखर लागली तर रडीचा डाव खेळू नको, जाऊ दे त्याला.

पण मंत्र नीट वाच. त्याला कायमचा तिकडं पाठवायचा तर विझार्डचं कॉन्सन्ट्रेशन (मंत्रावरचं लक्ष, मार बसला की तुटू शकतं) पूर्ण एक मिनिट टिकलं पाहिजे. मधे तुटलं तर ऑर्कस होता तिथंच परत. एक मिनिट म्हणजे दहा राउंड. आणि वाँडनं उठवलेली मढी तो गेला म्हणून पडत नाहीत. मालक जाताना एवढंच सांगून जाईल: त्या विझार्डला धरा. मग ५०० हिट पॉइंटची मढी चारही बाजूंनी एका माणसावर येणार, त्यात तो पावसात टाकलेलाही असणार, आणि बाकीच्या चौघांनी दहा राउंड त्याला अंगाला हात लागू द्यायचा नाही. लढाई ही ठेव. ऑर्कस त्यात नसला तरी चालेल.